ग्लेंडालॉख: एकांत शोधत गेलेला केव्हिन आणि त्याच्यामागे आलेलं गाव

ओलीचिंब

मंडळी, आई-बाबा सध्या माझ्याकडे डब्लिनला आलेत. बाग, समुद्र आणि सुपरमार्केट या तीन तीर्थांचं दर्शन आटोपल्यावर बाबांनी फर्मान काढलं, "आता काहीतरी जुनं दाखव." म्हणून गेल्या शनिवारी त्यांना ग्लेंडालॉखला नेलं. डब्लिनच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटर, विकलोच्या डोंगरांत. नावाचा अर्थ सरळ आहे, दोन तळ्यांची दरी. (शेवटचा 'ख' घशातून काढायचा. 'ग्लेंडालो' म्हटलं तर स्थानिक लोक हसत नाहीत, पण दुरुस्त करतात.)

पाऊस होताच. इथे तो नसला तरच चौकशी करावी लागते.

संत केव्हिनच्या मठाच्या आवारात शिरताना दोन कमानींचं दगडी दार लागतं. मध्ययुगात आयर्लंडभर मठ होते, पण मठाची वेस म्हणता येईल असं दार उभं राहिलंय ते फक्त इथे. आत शिरताच भिंतीत क्रूस कोरलेली एक शिळा आहे. इथून पुढे आसरा, पाठलाग करणाऱ्यानं मागे फिरावं, अशी ती खूण. बाबा तिच्यासमोर छत्री धरून उभे. आई तोवर भिंतीवरून हात फिरवत होती. "अगं, यात अभ्रक आहे," म्हणाली आणि बोट पुढे केलं. खरंच, चमकी लागली होती. इथला दगड अभ्रकाच्या थरांचा, मायका शिस्ट, मधूनमधून ग्रॅनाइट. पाऊस पडून गेला की भिंती आतून उजेड लावल्यासारख्या दिसतात.

मग मनोरा. ३० मीटर उंच, गोल, वर निमुळती टोपी. दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर. बाबांनी काठी उंचावून बघितली, पोचली नाही. पुढे छप्पर नसलेलं कॅथीड्रल, इथल्या चर्चांपैकी सगळ्यात मोठं. आणि खालच्या अंगाला ते छोटं चर्च ज्याला सगळे 'केव्हिनचं स्वयंपाकघर' म्हणतात. तिथे कुणी कधी स्वयंपाक केला नाही. छपरातून वर आलेला घंटेचा छोटा गोल मनोरा अगदी धुराड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव.

इथे बाबांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी हा धागा काढतेय. "हा केव्हिन एकटं राहायला आला होता म्हणतेस. मग हे एवढं सगळं कुणासाठी?"

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. केव्हिन सहाव्या शतकातला. लेन्स्टरच्या, म्हणजे पूर्व आयर्लंडच्या, राजकुळाशी नातं सांगणाऱ्या घरातला. आयरिश नावाचा अर्थ साधारण आपल्या 'सुजात'सारखा. घरदार सोडून तो या दरीत वरच्या तळ्याकाठी येऊन राहिला. त्या काळच्या आयरिश विरक्तांपुढे आदर्श होता इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांचा. आता आयर्लंडमध्ये वाळवंट कुठून आणायचं? तर त्यांनी लॅटिनमधला वाळवंटाचा शब्दच उचलला, त्याचं 'दीशर्त' केलं आणि बेटं, दऱ्या, कडे अशा निर्मनुष्य जागांना तो लावून टाकला. आजही आयर्लंडभर 'डायसर्ट' नावाची गावं सापडतात, सगळी हिरवीगार आणि चिंब ओली.

केव्हिनचं वाळवंट म्हणजे हे वरचं तळं. दक्षिणेच्या काठावर सरळ कडा आहे आणि पाण्यापासून साधारण ८ मीटरवर एक भोक. त्याला 'केव्हिनचा बिछाना' म्हणतात. आत माणूस उभा राहू शकत नाही. जेमतेम आडवं व्हायचं. ते त्यानं खोदलेलं नाही, त्याच्या कितीतरी आधीचं, कदाचित कांस्ययुगातलं असावं असं म्हणतात. आम्ही पलीकडच्या काठावरून पाहिलं. आईनं चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाली, "याच्या आईला काय वाटलं असेल?"

तो वारला इ.स. ६१८ किंवा ६२२ साली. बखरींमध्ये एकमत नाही. वय मात्र १२० दिलंय. आणि गंमत म्हणजे खालच्या आवारात आपण जे बघतो ते सगळं, मनोरा, 'स्वयंपाकघर', कॅथीड्रल, तो गेल्यावर काही शतकांनी बांधलेलं आहे. ज्या चर्चला त्याचं नाव आहे ते त्यानं पाहिलंही नव्हतं.

बाबांचं समाधान झालं नाही. गाडीत म्हणाले, "म्हणजे तो पळून आला आणि लोकांनी गाठलाच." त्यांच्या प्रश्नाचं धड उत्तर इथल्या जाणकारांकडून हवंय.

सुगरण

वा! काठी उंचावून दाराची उंची मोजणारे बाबा अगदी डोळ्यांसमोर आले. फोटो टाका की.

गवंडीकाका

आयुष्य बांधकामात गेलं, त्यामुळे मी छपराबद्दलच बोलणार. मुलीकडे आलो होतो तेव्हा हे 'स्वयंपाकघर' पाहिलंय. बाकी मंडळी पुढे गेली, मी अर्धा तास आत मान वर करून उभा होतो.

बाहेरून दोन पाखी उतरतं छप्पर दिसतं, पण वासे नाहीत, कौलं नाहीत, लाकूडच नाही. नुसता दगड. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत दोन्ही बाजू वर आढ्यापाशी भेटवल्यात. आता ज्यानं असं काही बांधलंय त्याला ठाऊक आहे की एवढं उतरतं दगडी पाख स्वतःच्या वजनानं मध्येच आत बसायला बघतं. म्हणून त्यांनी आतून एक अर्धगोल कमान पुढपासून मागपर्यंत ओढली. कमान दोन्ही पाखांना आतून रेटा देते आणि बसू देत नाही. कमान आणि आढं यांच्या मधल्या पोकळीत एक माळा तयार झालाय, तो फुकटचा फायदा. भिंती मीटरभर जाड, कारण कमान बाजूंना ढकलणार. चर्च केवढं, तर आतून ७ मीटर लांबसुद्धा नाही. पण हिशोब एकाही ठिकाणी चुकलेला नाही. आयर्लंडच्या पावसात आठ-नऊशे वर्षं उभं आहे.

पूर्वेकडे नंतर जोडलेला भाग पडलाय, त्याचा पाया जमिनीत दिसतो आणि भिंतीवर जुन्या छपराचा वण आहे. तो जरूर बघा.

आणि मनोऱ्याची टोपी मूळची नाही बरं का. पडली होती, १८७६ साली तिथेच सापडलेल्या जुन्या दगडांतून पुन्हा चढवली. 'पाद्र्यांचं घर' म्हणतात ती छोटी वास्तूही जवळजवळ सगळी नव्यानं रचलेली आहे, १७७९च्या एका चित्रावरून.

मिलिंद_मु_पो_गॉलवे

मनोऱ्याचं दार उंचावर असतं कारण व्हायकिंग आले की साधू शिडीनं आत जायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे. आम्हाला गाइडनं सांगितलं होतं.

चिकित्सक बुवा

@मिलिंद, सगळेच गाइड सांगतात. पण जरा विचार करा. आत सहा मजले, सगळे लाकडी, शिड्याही लाकडी. खाली आग लावली तर हा मनोरा म्हणजे उत्तम धुराडं. स्लेन नावाच्या ठिकाणी ९५० साली नेमकं हेच झालं. डब्लिनच्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोकांनी तिथला मनोरा आतल्या माणसांसकट जाळला. मौल्यवान वस्तू घेऊन कुणी वर चढतही असेल, पण त्यासाठी कुणी ३० मीटर बांधत नाही. आयरिश भाषेतलं त्याचं नावच 'घंटाघर' आहे. वरच्या मजल्याला चार दिशांना चार खिडक्या आहेत त्या घंटेसाठी, आणि दरीत उतरणाऱ्या यात्रेकरूला लांबून मठ दिसावा हाही हेतू असणार. दार उंच, कारण या मनोऱ्यांचे पाये उथळ असतात. जमिनीलगत भिंतीला भोक पाडणं परवडत नाही. गवंडीकाका सांगतीलच.

आता धागाकर्तीच्या बाबांचा प्रश्न. फार नेमका आहे. माझं मत स्पष्टच सांगतो: तो एकटा होता म्हणूनच गर्दी झाली.

केव्हिनची जी चरित्रं आपल्यापर्यंत आली ती तो गेल्यावर कित्येक शतकांनी लिहिलेली. तोवर ग्लेंडालॉख म्हणजे कडा आणि भोक राहिलं नव्हतं. जमिनी, गुरं, गिरण्या, कारागीर, शिकणारी मुलं, असं गावच होतं ते. ११११ साली राथ ब्रासल इथे धर्मसभा झाली आणि ग्लेंडालॉखला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला. अशा संस्थेला विचारलं जातं, 'ही जमीन तुमची कशावरून?' उत्तर एकच, आमच्या मूळपुरुषाच्या पुण्याईवरून. त्यामुळे तो जितका एकटा, जितका कडक, तितकं संस्थेचं भांडवल मोठं.

दुसरं, मरणाचं. संताच्या जवळ पुरलं की न्यायाच्या दिवशी तो आपली बाजू घेईल ही श्रद्धा. वरच्या तळ्याजवळचं रीफर्ट चर्च पाहिलंत का? नावाचा अर्थच 'राजांची दफनभूमी'. आणि इथे सात वाऱ्या केल्या की एका रोमच्या यात्रेचं पुण्य, असं मानत. रोमला पायी जाण्यापेक्षा विकलोचा डोंगर बरा.

ओलीचिंब

@चिकित्सक बुवा, रीफर्टला गेलो होतो. ओकच्या झाडीत, पायऱ्या चढून. तिथे गर्दी नव्हती, आई पाच मिनिटं नुसती बसली. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. म्हणाले, "भांडवल हा शब्द बरोबर आहे, पण माणूस खोटा नव्हता ना?"

चिकित्सक बुवा

नाही, तसं नाही म्हणत. माणूस होऊन गेला, त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. वय तेवढं बायबलमधल्या मोशेकडून उसनं घेतलंय, त्याचंही १२०च.

आणि त्याचं भोक नुसतं दाखवायला ठेवलेलं नव्हतं. लॉरेन्स ओटूल ११५३ साली इथला मठाधिपती झाला, सरदार घराण्यातला, तरुण. त्याच्या चरित्रात आहे की तो उपवासाचे चाळीस दिवस केव्हिनच्या त्या भोकात जाऊन राहायचा. ११६२ला डब्लिनचा आर्चबिशप झाल्यावरही येत असे. साडेपाचशे वर्षांनंतर मठाच्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याला मठापासून पळून जायला तीच जागा लागत होती, यावर बाबांचं काय म्हणणं?

मोरपंखी

इथे सगळे दगडांवर बोलताहेत, प्राण्यांवर कुणीच नाही!

काळ्या पक्ष्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. केव्हिन उपवासाच्या दिवसांत झोपडीत गुडघे टेकून, हात खिडकीबाहेर पसरून प्रार्थना करत होता. ब्लॅकबर्ड आली आणि तळहातावर घरटं करून अंडी घातली. त्यानं हात हलवला नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तसाच. बाराव्या शतकात आयर्लंडला आलेल्या वेल्सच्या जेराल्ड नावाच्या धर्मगुरूनं ती लिहून ठेवलीय, आणि केव्हिनच्या मूर्तीत हातावर पक्षी दाखवतात असंही तो सांगतो.

पण मला ऊदमांजराची जास्त आवडते. ऊद रोज तळ्यातून सामन मासा आणून मठाला द्यायचा. केव्हिनचं स्तोत्रांचं पुस्तक पाण्यात पडलं तेही त्यानंच काढून दिलं. एक दिवस एका साधूच्या मनात आलं, याच्या कातड्याचे हातमोजे काय सुरेख होतील! बोलला नाही, नुसतं मनात आलं. ऊद त्या दिवसापासून आला नाही.

सांजवात

पक्षी ठीक आहे. कॅथलीनचं काय? आम्हाला सांगितलेली गोष्ट अशी की एक मुलगी त्याच्या प्रेमात पडून त्या भोकापर्यंत आली आणि या दयाळू बाबानं तिला तळ्यात ढकललं. पक्ष्यासाठी हात आठवडेच्या आठवडे पसरून ठेवणारा माणूस बाईला पाण्यात लोटतो, आणि बोटीतले लोक हसतात. मला ते तळं नंतर बघवलं नाही.

बोरूबहाद्दर

संत होता, त्या काळी तसंच असायचं. उगाच आजचे चष्मे लावू नका.

सांजवात

@बोरूबहाद्दर, चष्मा लावल्याशिवाय मला दिसत नाही.

चिकित्सक बुवा

सांजवात, तुमचा राग योग्य, फक्त पत्ता थोडा बदला. जुन्या चरित्रात ढकलणं नाही. तिथे तो तिला खाजकुइलीसारख्या झाडाच्या, म्हणजे नेटलच्या, जुडीनं मारतो आणि ती पश्चात्ताप पावते. (तेही काही शोभेचं नाही, आणि ते लिहिणारे साधूच.) बुडवण्याची आवृत्ती फार नंतरची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथे सहली सुरू झाल्या, बोटवाले पाहुण्यांना त्या भोकापर्यंत नेऊ लागले, आणि पाहुण्यांना थरार हवा असतो. १८२५ साली कादंबरीकार वॉल्टर स्कॉट अधू पाय घेऊन त्यात चढला होता. म्हणजे तुम्हाला ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांच्या धंद्याच्या पूर्वजांनी ती रंगवली.

खडूस

बोटवाले तेव्हाही आणि आताही. :)

डब्लिनकर नाना

१२ वर्षं इथे आहे, पाहुणा आला की ग्लेंडालॉख, त्यामुळे माझ्याच सात वाऱ्या कधीच झाल्या. दोन गोष्टी राहिल्या.

एक, जत्रा. ३ जून हा केव्हिनचा दिवस. त्या दिवशी इथे भली मोठी जत्रा भरायची. प्रार्थना, प्रदक्षिणा, आणि त्याच आवारात दारू, नाच, जुगार, शेवटी गटागटांत काठ्यांनी मारामाऱ्या. १८१३चं एक चित्र आहे जोसेफ पीकॉकचं, त्यात मनोऱ्याच्या पायथ्याशी माणूस माणसावर चढलेला दिसतो. अखेर १८६२ साली आर्चबिशप कलननं जत्राच बंद केली. बाबांना सांगा, त्या एकट्या माणसामागे किती माणसं आली ते चित्रात मोजता येतील.

दोन, वरच्या तळ्याच्या टोकाशी मोडक्या भिंती दिसतात त्या मठाच्या नाहीत, एकोणिसाव्या शतकातल्या शिशाच्या खाणीच्या. बरेच आपले लोक तिथे हात जोडून फोटो काढतात.

मोरपंखी

नाना, चंडोलाची गोष्ट ऐकलीय का तुम्ही? चर्च बांधणाऱ्या मजुरांनी शपथ घेतली होती, चंडोल उठेल तेव्हा कामाला लागायचं, कोकरू निजेल तेव्हा थांबायचं. चंडोल इतक्या पहाटे उठायचे की मजूर झोपेवाचून आजारी पडू लागले. मग केव्हिननं प्रार्थना केली आणि त्या दरीत चंडोल गायचे थांबले.

खडूस

आमच्या टीमला असा मॅनेजर मिळो.

सुगरण

राजाच्या हंसिणीची गोष्ट म्हणजे वामनच की! केव्हिन राजाच्या म्हाताऱ्या हंसिणीला उडायला लावतो, बदल्यात काय हवं तर 'ही जेवढ्या जमिनीवरून उडेल तेवढी.' आणि ती अख्ख्या दरीवरून फिरून येते.

अभ्यासू_अनुजा

आणि शिकारी कुत्री मागे लागलेलं रानडुक्कर केव्हिनच्या आश्रयाला येतं, कुत्री तिथेच थबकतात. लीळाचरित्रातला चक्रधरस्वामींजवळ आलेला ससा आठवला. संबंध काही नाही, पण आठवला. वेशीतली ती क्रूसाची शिळाही हेच सांगते ना?

चिकित्सक बुवा

@अनुजा, संबंध नाही म्हणून टाकलंत ते बरं केलंत, नाहीतर इथे लगेच कुणीतरी केव्हिनला नाशिकचा ठरवला असता. शिळेचं मात्र पटलं.

@मोरपंखी, तुमच्या सामनवरून आठवलं. ११७७ला दरीत पूर आला. बखरीत नोंद आहे, पूल आणि गिरण्या वाहून गेल्या आणि पाणी ओसरल्यावर गावात मासे पडलेले होते. पुढे धर्मप्रांत डब्लिनमध्ये विलीन झाला, १३९८ला इंग्रजी सैन्यानं जाळलं, आणि हळूहळू उरलं ते आपण बघतो ते.

ओलीचिंब

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नानांनी सांगितलेलं चित्र बाबांना दाखवलं. मोजायला बसले होते, चाळीसनंतर चहा आला. गावात मासे पडलेले ऐकून आई म्हणाली, ऊद परत आला असता तर बरं झालं असतं.

मिलिंद_मु_पो_गॉलवे

हा धागा वाचून काल आम्ही परत गेलो. या वेळी पलीकडच्या काठानं, खाणीकडे जाणाऱ्या वाटेनं. पण 'बिछाना' काही ठरेना. कड्यावर दोन काळे डाग दिसतात, बायको म्हणते हा, मी म्हणतो तो. कुठला खरा?

ओलीचिंब

काठाजवळ, पाण्याच्या थोडं वर, छोट्या चर्चच्या पडक्या भिंती दिसल्या का? तिथे फक्त होडीनं जाता येतं, टेंपल-ना-स्केलिग. त्या भिंतींच्या डावीकडे बघा. वहिनी कुठला म्हणत होत्या?

मिलिंद_मु_पो_गॉलवे

डावीकडचा. :(